सहाव्याच्या खालचा नको

अण्णा गेल्याला दीड महिना झाला होता. एका दुपारी आई म्हणाली, "शिवा, तेवढा ह्यांचा कॉम्प्युटर नीट करून दे. मला त्यो घाट बघायचाय."

मी आष्ट्याला घरूनच काम करत होते. पुण्याच्या ऑफिसनं दोन महिन्यांची सवलत दिली होती. समोर लॅपटॉप उघडा होता, कानात मीटिंग चालू होती. मी म्हटलं, "बघते." मग लक्षात आलं की अण्णांनाही मी हेच म्हणायचे, आणि कानातलं काढून ठेवलं.

तो कॉम्प्युटर मुळात माझ्या धाकट्या भावाचा, ऋषिराजचा. बारावी झाल्यावर हट्ट करून खास गेम खेळायला घेतलेला. काळा कॅबिनेट, पुढं तांबडे दिवे लागणारे पंखे. दोन वर्षांत तो फौजेत भरती झाला आणि आईनं कॉम्प्युटरवर जुन्या साडीचं आच्छादन घातलं. ते काढलं अण्णांनी, तीन वर्षांपूर्वी, त्यांना फिट आल्यावर.

अण्णांनी चोवीस वर्षं फौजेत ट्रक चालवला. हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण गाव त्यांना मेजर म्हणे. आमच्याकडे फौजेतून परत आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. परत आल्यावरही त्यांचा हात स्टिअरिंगवरून निघाला नाही. उसाचा ट्रॅक्टर, दुधाचा टेम्पो, कुणाच्या लग्नाची गाडी. फिट आली तेव्हा मिरजेच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, यापुढे कोणतंही वाहन चालवू नये. अण्णांनी तो कागद घडी करून आपल्या लोखंडी ट्रंकेत ठेवला आणि घरातल्या सगळ्या किल्ल्या आईच्या हातात दिल्या. वाद घातला नाही. पुढचा महिनाभर ते दारात खुर्ची टाकून बसत आणि रस्त्यावरून जाणारी गाडी कुठल्या गिअरमध्ये आहे ते नुसत्या आवाजावरून सांगत. ऐकायला कुणी असो वा नसो.

ऋषिराज सुट्टीवर आला, त्यानं ते पाहिलं, आणि कॉम्प्युटरला स्टिअरिंग आणि पेडल जोडून ट्रक चालवायचा एक गेम टाकून दिला.

पहिल्या दिवशी आई हसली. "नातवंडं खेळवायच्या वयात पोरांचे खेळ."

अण्णा म्हणाले, "नुसती हसू नको. क्लीनर बाजूला बस."

तेव्हापासून टेबलाच्या डाव्या हाताला एक प्लॅस्टिकचं स्टूल आलं. चारचा चहा झाला की दोघं निघत. आई थर्मास भरून घेई, कारण थांब्यावर चहा लागतो. गाडी मागं घ्यायची झाली की ती हात हलवून सांगे, "येऊ द्या, येऊ द्या, बास!" शेजारच्या रंगुबाई खिडकीतून विचारत, "मंगल, आज कुठवर गं?" आणि आई सरळ चेहऱ्यानं सांगे, "माल उतरला, आता रिकामीच परत." अण्णांचा एकच नियम होता. घाट लागला की ड्रायव्हरशी बोलायचं नाही. मग आई तोंडावर पदर धरून बसे.

अण्णांची शेवटची काही वर्षं लेहच्या रस्त्यावर गेली होती. "तुला एकदा त्या रस्त्यानं नेतो," असं ते आईला दर सुट्टीत म्हणत. आधी तिकडं कुटुंब न्यायला परवानगी नव्हती, मग आमच्या शाळा, मग रान, आणि शेवटी वेळ मिळाला तेव्हा आईचा दमा इतका वाढला होता की तेवढ्या उंचीवर जायचं नाव काढू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं. मागच्या वर्षी कुणा हौशी पोरांनी त्या गेमसाठी हिमालयातल्या रस्त्यांचा नकाशा बनवला. ऋषिराजनं तो लांबूनच अण्णांच्या कॉम्प्युटरवर टाकून दिला. अण्णांनी पायथ्याचा तळ ओळखला, पूल ओळखला. आईला म्हणाले, "चल. आता दमा आडवा येत न्हाई."

पण पहिल्याच वळणावर चित्र थिजलं. आवाज पुढं गेला, आणि चित्र हललं तेव्हा ट्रक दरीत होता. पुन्हा केलं, पुन्हा दरीत. आई सांगते, सोळा वेळा. चोवीस वर्षांत ज्या माणसानं एक चाक रस्त्याखाली जाऊ दिलं नव्हतं, तो सोळाव्या वेळी उठला आणि परत तो घाट चढायला गेला नाही. ऋषिराज फोनवर म्हणाला, कॉम्प्युटर जुना झालाय, प्रोसेसर कमी पडतोय, बदलायला पाहिजे. कुठला बसेल ते ताईला विचारा.

मी कॉम्प्युटर इंजिनिअर. विमा कंपन्यांचे प्रोग्रॅम तपासण्याचं काम करते. त्या दिवसापर्यंत मी एकही कॅबिनेट उघडला नव्हता, पण आमच्या भावकीत टीव्हीचा रिमोट बिघडला तरी मलाच विचारतात, आणि मीही कधी सांगितलं नाही की हे माझं काम नव्हे.

जुलैत अण्णांनी मला तीन वेळा फोन केला. दोनदा मी "बघते" म्हटलं. तिसऱ्यांदा मीटिंगमध्ये होते, माइक बंद करून बोलले.

"अण्णा, आय-सेव्हन घ्या. आणि सहाव्या जनरेशनच्या खालचा अजिबात नको. वाया जाईल."

"थांब, लिवून घेतो. आय-सेव्हन. सहाव्याच्या खालचा नको. बरोबर?"

"बरोबर."

"अजून काय बघायला लागंल?"

"काही नाही. ठेवते आता."

सहावं जनरेशन हे मी ऑफिसच्या कँटीनमध्ये कुणाच्या तरी तोंडून ऐकलं होतं, तेही लॅपटॉपबद्दल. आपल्या कॉम्प्युटरच्या बोर्डावर काय बसतं, हे मी अण्णांना विचारलंच नाही. तो फोन सव्वा मिनिटाचा होता. अजून माझ्या मोबाइलमध्ये दिसतो.

सप्टेंबरच्या शेवटी एका सकाळी अण्णा गोठ्यात गेले, म्हशीला वैरण टाकली आणि तिथंच बसले. आईला वाटलं, विडी ओढतायत.

तर आईनं सांगितलं तेव्हा मी कॅबिनेटचं झाकण उघडलं, मोबाइलच्या उजेडात बोर्डावरचा नंबर वाचला आणि शोधायला बसले. आई अण्णांची ट्रंक उघडून एक छोटी पारदर्शक डबी घेऊन आली. ट्रंकेवर अजून पांढऱ्या रंगात त्यांचा फौजेतला नंबर आहे.

"ह्यो बी हाय एक. तासगावच्या एका पोराकडनं आणलेला. पर बसत न्हाई."

डबीत आय-सेव्हन होता. ६७००. सहाव्या जनरेशनचा.

"का बसत नाही म्हणाले?"

"बोर्डच खराब हाय म्हणाले."

बोर्ड खराब नव्हता. त्या बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा, सॉकेट, ११५० नंबरची, त्याला चौथ्या जनरेशनचा प्रोसेसर लागतो. डबीतला होता ११५१ चा. आकारानं दोन्ही सारखेच, नखाएवढ्या दोन खाचा तेवढ्या वेगळ्या जागी. मी तो सॉकेटवर नुसता धरून पाहिला. खाचा जुळत नव्हत्या. हे सगळं शोधायला मला अकरा मिनिटं लागली होती.

"कुठल्या दुकानात दाखवला होता?"

"सांगलीत, स्टँडमागं. बाळासोकडं. दोन येळा गेलते."

दुसऱ्या दिवशी मी कॅबिनेट घोंगड्यात गुंडाळून गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला. आईनं त्याला पट्टा लावला. दुकानाच्या जिन्यावरून तो वर नेईपर्यंत माझे हात भरून आले.

बाळासो पन्नाशीचे, चष्मा कपाळावर चढवलेला. घोंगडं बाजूला केल्याबरोबर म्हणाले, "ह्यो मेजरांचा डबा. मेजर न्हाई आले?"

मी सांगितलं. त्यांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"आरं आरं आरं. कवा?" मी महिना सांगितला. ते म्हणाले, "लय सरळ माणूस. आन लय हट्टी. तुमी घरच्याच काय?"

मी मान हलवली. कोण, ते सांगितलं नाही. का नाही सांगितलं, माहीत नाही.

"ह्याला चौथ्या जनरेशनचा आय-सेव्हन पाहिजे ना?" मी विचारलं. "४७९० चालेल असं वाचलंय."

"चालतोय की. तुमच्याच नावाचा ठेवलाय." त्यांनी ड्रॉवरमधून कागदात गुंडाळलेली डबी काढली. कागदावर पेननं लिहिलं होतं, मेजर, आष्टा. "ऑगस्टपासनं हितं पडून हाय. गिऱ्हाईक आलं तरी दिला न्हाई. म्हटलं, म्हातारा येतोय बघा."

"मग तेव्हाच का नाही बसवला?"

"सांगतो. आदी बायोस करून घिऊ. ह्या बोर्डातला बायोस, म्हंजे बोर्ड चालू करणारा प्रोग्रॅम, जुना हाय, त्याला ह्यो नवा वळखू येत न्हाई. लोक काय करत्यात, घाईनं जुना काढत्यात, नवा बसवत्यात, आन मग स्क्रीन काळी. मग म्हणत्यात बाळासोनं खराब माल दिला. जुन्याकडनंच बोर्डाला नव्याची वळख करून द्यायची, मग जुन्याला काढायचं."

त्यांनी पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर एक निळी पट्टी आली.

"आता कुणी कशाला हात लावायचा न्हाई. मधीच लाईट गेली की बोर्ड मेला." त्यांनी खाली वाकून बॅटरीची वायर पुन्हा दाबून पाहिली. आम्ही दोघं हात मागं घेऊन उभे राहिलो.

"तर मेजर आले," ते पट्टीकडं बघत म्हणाले. "खिशातनं ती डबी काढली. म्हणाले, बसव. मी बगितलं तर सहावा. म्हटलं, आवं मेजर, तुमचा बोर्ड चौथ्याचा, ह्यो न्हाई बसायचा. तर म्हणाले, पोरीनं सांगितलंय. पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअर हाय. सहाव्याच्या खालचा नको म्हणून लिवून घेतलंय मी. चिठ्ठीच दावली मला. मी म्हटलं, पोरगी इंजिनिअर असू द्या, पर मी रोज हेच उघडतोय. तर म्हणाले, बाळासो, गाड्यांच्या कॉन्वॉयला रस्ता एकानंच सांगायचा असतोय."

पट्टी अर्ध्यावर आली होती.

"मी म्हटलं, बरं ऱ्हावू द्या. ह्यो चौथा हाय माझ्याकडं, बसवून तरी बगू. चालला तर ठेवा, न्हाई चालला तर माझा मला. मी झाकण बी उघडलं व्हतं बगा. तर माझा हात धरला. म्हणाले, 'आन चालला तर रं?'" बाळासो हसले. "मी म्हटलं, चालला तर चांगलंच की, मेजर! तर गप. झाकण लावून घेतलं आन डबा उचलून खाली. मला काय कळंना, ह्या माणसाला कॉम्प्युटर चालाया पायजे का नको."

मला कळलं. पट्टी कुठवर आली होती ते मग मी पाहिलं नाही.

"ती पोरगी मीच," मी म्हणाले.

बाळासोंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, माझ्याकडं बघितलं, आणि कपाळाला हात लावला. "घ्या! आता काय सांगू तुमाला. मेजरांनी मला बजावून ठेवलं व्हतं."

"काय?"

"आठ दिसांनी परत आले व्हते, नुसतेच. सहाव्याला बसंल असा बोर्ड घातला तर काय काय बदलावं लागंल, विचारायला. म्हटलं, बोर्ड, रॅम, सगळंच. निम्मा कॉम्प्युटर. म्हणाले, मग दिवाळीला पोरगी येती, तिला घिऊनच येतो. काय ती ठरवंल. आन जाता जाता जिन्यावरनं परत वर आले आन म्हणाले, तिच्यासमोर त्या चौथ्याचं काय काढू नगंस." त्यांनी चष्मा परत कपाळावर चढवला. "काढलं बगा मी."

पडद्यावर बायोस नवा झाल्याचं आलं. बाळासो एकदम कामाला लागले. पंखा काढला, जुना प्रोसेसर उचलला, सॉकेटवर फुंकर मारली, नवा हलक्या हातानं ठेवला. तो आपल्या वजनानंच खाली बसला, दाबावा लागला नाही. जुना पंखा ह्याला पुरणार नाही म्हणून दुसरा मोठा लावला. मी कडेला उभी राहून सगळं बघत होते. जुना प्रोसेसर त्यांनी त्याच कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. मेजर, आष्टा, ही बाजू वर आली होती.

घरी आले तेव्हा चार वाजायला आले होते. आईनं थर्मास भरून ठेवला होता. स्टूल डाव्या हाताला आधीच सरकवलेलं.

गेम उघडला. अण्णांनी ट्रक पायथ्याच्या तळावर लावला होता, तोंड चढाकडं करून. माल भरलेला, टाकी भरलेली. टेबलाखाली त्यांच्या चपला होत्या. मी त्या सरकवल्या आणि पेडलवर पाय ठेवला. क्लचच्या पेडलला त्यांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधली होती, पाय घसरू नये म्हणून.

मी गाडी उचलली ती धक्का देऊनच.

"हळू की," आई म्हणाली. "अशी कवा उचलली न्हाई त्यांनी गाडी."

पहिलं वळण आलं. आईनं टेबलाची कड धरली. चित्र थिजलं नाही. ट्रक वळला, डोंगर पडद्यावर डावीकडून उजवीकडं सरकला, आणि पुढं रस्ता होता.

"हॉर्न," आई म्हणाली. "वळणाच्या आदी."

दुसरं वळण. तिसरं. झाडं संपली, नुसता दगड राहिला, मग दगडावर पांढरं दिसायला लागलं. आईनं पदर कानावरून ओढून घेतला. ती कधी खाली दरीत वाकून बघे, कधी वर. ह्या वेड्यावाकड्या दगडांत अण्णांनी किती हिवाळे काढले असतील, ह्याचा हिशेब तिच्या चेहऱ्यावर दिसत होता की मीच तो लावत होते, कुणास ठाऊक.

"आई," मी म्हणाले, "तो बोर्ड खराब नव्हता."

"घाटात बोलायचं न्हाई."

वर पोचायला पंचवीस मिनिटं लागली. वर काही नव्हतं. दगडी चौथरा, दोऱ्याला बांधलेल्या रंगीत पताका, उंचीचा आकडा लिहिलेला पिवळा दगड. मी गाडी कडेला घेतली. आईनं थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि सवयीनं माझ्या उजव्या हाताशी ठेवला, ड्रायव्हरच्या.

मग मी सांगितलं. सव्वा मिनिटाचा फोन, सहावं जनरेशन, बाळासोंचा ड्रॉवर, अण्णांनी धरलेला हात. आई पडद्याकडंच बघत ऐकत होती.

"म्हंजे ऑगस्टातच चालू झाला असता."

"हो."

"आन ह्यांना ठावं व्हतं, तुझं चुकलंय म्हणून. तरी तुला खोटं पडू दिलं न्हाई."

"हो."

पडद्यावर पताका हलत होत्या. इंजिन चालूच होतं.

"तीन येळा फोन केला त्यांनी तुला," आई म्हणाली. आवाज चढवला नाही. "तिन्ही टायमाला मी हितंच बसले व्हते, ह्या स्टुलावर. एक फोन नीट घ्यायचास की गं शिवा."

आईनं डोळे पुसले, माझे पुसायला हात पुढं केला नाही, आणि ते मला बरोबरच वाटलं. चहा गार झाला. पडद्यावर बर्फ पडायला लागलं. पिवळ्या दगडावरचा आकडा हळूहळू दिसेनासा झाला.

"बंद करू?" मी विचारलं.

"आन गाडी?"

"राहील इथंच."

"घाटाच्या माथ्यावर गाडी सोडून कोण जातं का?" आईनं झाकणातला गार चहा परत थर्मासात ओतला आणि फिरकीचं बूच घट्ट लावलं. "उतार हाय अजून."

"मला उतार नाही जमायचा, आई."

"ब्रेकवर पाय ठिवून बसू नको. गिअर खाली टाक आन गिअरवरच उतर. ब्रेक तापला की धरत न्हाई, म्हणायचे."

तिनं स्टूल टेबलाजवळ ओढलं आणि डाव्या बाजूला वाकून रस्त्याची कड बघायला लागली. मी क्लच दाबला. ट्यूबच्या पट्टीवर पाय नीट बसला. गिअर दोनदा खाली घेतला.

"हाय जागा," आई म्हणाली. "येऊ दे. येऊ दे. हॉर्न मार."

मी हॉर्न मारला.